तारागिरी, १:१०० : बांधणीची वही

७ जुलै २०२४, रविवार

आमच्या क्लबच्या रिमोटवर चालणाऱ्या नव्या मॉडेलसाठी जहाज ठरलं. आयएनएस तारागिरी, अंगावरचा क्रमांक एफ४१, प्रमाण १:१००. कॉलेजची दोघं, मोठा आणि धाकटा, जुन्या विक्रांतवर अडून बसली होती. पण २१३ मीटरची विक्रांत या प्रमाणात दोन मीटरच्या वर जाते, आणि तात्यांच्या माझगावच्या घराचा जिना बघता ती पोटमाळ्यावर बांधली तर पोटमाळ्यावरच राहील. वाद तिथेच मिटला.

माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या लिअँडर या ब्रिटिश आराखड्याच्या सहा फ्रिगेटांपैकी (मध्यम आकाराच्या युद्धनौकांपैकी) ही पाचवी. पहिली नीलगिरी १९७२ साली नौदलात दाखल झाली, तारागिरी १९८०ला, शेवटची विंध्यगिरी १९८१ला. तात्या गोदीत लागले १९७४ साली, अप्रेंटिस म्हणून, हल शॉपमध्ये, म्हणजे जहाजाचं मुख्य अंग (हल) बांधतात तिथे. "नीलगिरी आमच्या आधीच्यांची. तारागिरीच्या पत्र्याला माझा हात लागलाय," म्हणाले. त्यावर दुसऱ्या जहाजाचं नाव काढायची कुणाची छाती झाली नाही.

१:१०० का? बाहेरदेशी १:९६ जास्त चालतं, कारण त्यांचं गणित फूट-इंचांचं: फुटाला एक सूत. आपल्याला मीटर सोयीचा. १:१००ला मीटरचा सेंटिमीटर होतो आणि, हे मला फारच आवडतं, टनाचा ग्रॅम होतो. लांबी, रुंदी, उंची तिन्ही शंभरपट कमी, म्हणजे वजन दहा लाखपट कमी. ११३ मीटर लांब, १३.१ मीटर रुंद, भरलेलं वजन तीन हजार टनांच्या आसपास. आपली बोट ११३ सेंमी, १३.१ सेंमी, तीन किलो.

तीन किलोही पूर्ण नाहीत. खरं जहाज खाऱ्या पाण्यात तरंगतं, आपलं गोड्या पाण्यात तरंगणार. खारं पाणी अडीच टक्के जड. म्हणून वॉटरलाइन (हलवर पाणी जिथवर येतं ती रेघ) जागच्या जागी हवी असेल तर आपली मर्यादा २.९४ किलो. हा आकडा पोटमाळ्याच्या तुळईवर खडूने लिहिला आहे. पुसू नये.

१४ जुलै

आराखडा. ब्रिटिश लिअँडरची छापील चित्रं पुष्कळ मिळतात आणि तीच गोम आहे. तारागिरी आणि विंध्यगिरी या शेवटच्या दोन जहाजांचा मागचा भाग वेगळा आहे. मूळ लिअँडरवर छोटं हेलिकॉप्टर, मागे लिंबो ही पाणबुडीविरोधी तोफ आणि सोनारची (आवाजाने पाणबुडी शोधणाऱ्या यंत्राची) खाच. या दोघींवर सी किंग हे मोठं हेलिकॉप्टर बसवायचं ठरलं, म्हणून लिंबो आणि खाच दोन्ही गेलं, हँगर मोठं झालं आणि हेलिकॉप्टरचा डेक पार मागच्या टोकापर्यंत नेला. त्या डेकखाली दोर बांधायचा उघडा डेक राहिला. बाजूने बघितलं की तिथे आरपार उजेड दिसतो. ब्रिटिश आराखडा जसाच्या तसा उचलला की तारागिरी होत नाही, तिची मावसबहीण होते.

मी नोकरीत दिवसभर पाइपांची ड्रॉइंग काढते, त्यामुळे फ्रेमच्या, म्हणजे हलच्या आडव्या फासळ्यांच्या, रेषा माझ्याकडे आल्या. प्रसिद्ध झालेले फोटो, मूळ वर्गाच्या हलच्या रेषा आणि तात्यांची स्मरणशक्ती, असा तिहेरी आधार. गोदीतला एकही कागद यात नाही आणि नकोच. तात्यांनी माझ्या पिछाडीच्या फ्रेमवर बोट ठेवलं: "इथे एवढी गोल नाही गं बाय. इथे पत्रा वाकवताना आमची कंबर गेली होती, मला ठाऊक." फोटो काढून बघितला. त्यांचं बरोबर होतं.

लॉफ्टबद्दल, म्हणजे गोदीतल्या आखणीच्या जागेबद्दल, त्यांनी सांगितलेलं लिहून ठेवते. त्या काळी जहाजाच्या रेषा लाकडी जमिनीवर खऱ्या मापात आखायचे. शंभर मीटरची जमीन कुठून आणणार, म्हणून लांबी आक्रसून आणि रुंदी-उंची पुरी, असं. पायात बूट चालायचे नाहीत. लवचीक पट्टी खिळ्यांमध्ये अडकवून वाकवायची आणि जमिनीला डोळा लावून बघायचं: रेघ कुठे ठेचकाळते का. संगणकावर मी जो वक्र दोन क्लिकमध्ये गुळगुळीत करते तो त्यांनी पोटावर झोपून केलेला आहे.

४ ऑगस्ट

फ्रेम चार मिमी प्लायच्या, वर पाइनच्या पट्ट्या. ही बोट पाण्यात जाणार नाही. हिच्यावरून साचा काढायचा. साचा असला की क्लबातल्या पुढच्या माणसाला विंध्यगिरी आयती.

साच्यासाठी परळच्या मूर्तिकार दादांकडे गेलो. लहानपणापासून आमच्या चाळीचा गणपती त्यांच्याच कारखान्यातून येतो, आणि मखरांचं फायबरचं कामही ते करतात. कारखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. त्यांनी हल उलटसुलट केला, हात फिरवला आणि एवढंच म्हणाले, "अनंत चतुर्दशी होऊ दे. मग या. तोवर ही अजून घासा."

१८ ऑगस्ट

घासकाम. पुट्टी, पॉलिश पेपर, पुन्हा पुट्टी. हवेत इतकी ओल की पुट्टी वाळत नाही. दिव्याखाली ठेवली. बाकी काही नाही.

२२ सप्टेंबर

गणपती झाले. दादांच्या कारखान्यात साचा टाकला. हे नीट लिहून ठेवते, पुढच्याला लागेल.

मेणाचे थर, प्रत्येक थर चकाकेपर्यंत पुसून. त्यावर पीव्हीएचा (पाण्यात विरघळणाऱ्या प्लास्टिकचा) पातळ पापुद्रा. साचा कण्यावरून दोन भागांत, मध्ये पत्र्याची उभी भिंत धरून. आधी जेलकोट (रेझीनचा गुळगुळीत बाहेरचा थर), तो बोटाला चिकटेल पण बोटावर येणार नाही इतपत सुकला की मॅट (काचतंतूंची चटई) आणि रेझीन. ब्रश ओढायचा नाही, आपटायचा, म्हणजे हवा निघते. कोपऱ्यात हवेचा बुडबुडा राहिला की तिथे जेलकोट नुसताच पापड, बोट लावलं की फुटणार.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं, दादांनी कॉलेजवाल्यांना दरडावून सांगितलेलं: कोबाल्ट (सुकणं वेगात आणणारं द्रावण) आधी रेझीनमध्ये ढवळून घ्यायचं, हार्डनर (रेझीन घट्ट करणारं) शेवटी. कोबाल्ट आणि हार्डनर थेट एकमेकांत कधी टाकायचे नाहीत, भडका उडतो. दोन्हींच्या बाटल्या एका फळीवरही ठेवायच्या नाहीत. आमच्या फळीवर त्या शेजारी शेजारी होत्या. आता एक खाली आहे, एक वर.

मास्क आणि हातमोजे. पंखा बाहेरच्या दिशेला. हे काम पोटमाळ्यावर करायचं नाही, खालच्या आजींना वासाचा त्रास होतो आणि त्यांचं बरोबर आहे.

६ ऑक्टोबर

हल साच्यातून सुटला. दादांनी फटीत पाणी सोडलं, पीव्हीए विरघळलं आणि टप्प असा आवाज. ६१० ग्रॅम. भिंतीची जाडी सव्वा मिमीच्या आसपास.

इथेच एक गोष्ट पोरांना समजावून सांगितली. खऱ्या जहाजाच्या वरच्या बांधकामाचा पत्रा सहा मिमीचा असेल तर आपल्या प्रमाणात तो ०.०६ मिमी व्हायला हवा, म्हणजे कागदाहून पातळ. आपण ब्रिज आणि हँगर करणार एक मिमीच्या सनबोर्डचं. आपल्या जहाजाला दहा सेंटिमीटर जाडीच्या भिंती आहेत! त्यामुळे मॉडेलचं वरचं बांधकाम मूळच्या मानाने कायमच जड असतं, तुम्ही कितीही काटकसर करा. आणि तोल वजनापेक्षा वजन कुठे आहे यावर ठरतो. मोठा म्हणाला, "मग खाली शिसं ठेवू." ठेवू. पण २.९४ किलोतच.

२० ऑक्टोबर

लोहार चाळ, नागदेवी, लॅमिंग्टन रोड, एका दमात. शाफ्टसाठी (पंखा फिरवणाऱ्या दांड्यासाठी) चार मिमी स्टीलची सळई, बाहेरून पितळी नळी, दोन्ही टोकांना बुश. नळीत ग्रीस ठासून. नळीचं आतलं टोक वॉटरलाइनच्या वर आलं पाहिजे, म्हणजे ग्रीसने दगा दिला तरी पाणी आपोआप आत चढत नाही. आपल्या हलमध्ये ते जेमतेम चार मिमी वर येतं.

मूळ जहाज दोन शाफ्टांचं, आपणही दोन. पंखे ३५ मिमीचे, पितळी, एक उजवा एक डावा, म्हणजे दोघांचा आडवा ओढा एकमेकांना मारतो. मोटरी लॅमिंग्टन रोडच्या जुन्या प्रिंटरमधल्या. दुकानदाराने पोतंच पालथं केलं. त्यातून एकसारख्या दोन शोधायला तासभर गेला, पण धाकट्याने प्रत्येक मोटरला सहा व्होल्ट देऊन अँपिअर मोजले तेव्हाच सोडलं. हा मुलगा कामाचा आहे.

१० नोव्हेंबर

वजनाचं अंदाजपत्रक:

हल, डेक आणि रंग ७८०. मोटरी, शाफ्ट, पंखे, रडर (सुकाणू) ३१०. बॅटरी ७२०. रिसीव्हर, स्पीड कंट्रोलर, सर्वो (रडर हलवणारी छोटी मोटर), वायरी १५०. वरचं सगळं बांधकाम, डोलकाठ्या, तोफा, हेलिकॉप्टर धरून ४२०. एकूण २३८० ग्रॅम. उरलेले ५६० ग्रॅम शिसं, तळाला.

बॅटरीवरून चर्चा झाली. मोठ्याचं म्हणणं लिथियम घ्या, हलकी असते. हलकी कुणाला हवीय? आपल्याला खाली वजन हवंच आहे. इमर्जन्सी लाइटची सहा व्होल्टची सीलबंद लेड बॅटरी घ्यायची आणि कण्यालगत आडवी झोपवायची: वीजही मिळते, नीरमही (तोलाचं वजनही) होतं. शिवाय पोटमाळ्यावर लिथियम चार्जिंगला लावून कुणी झोपायला गेलं, हा प्रकार होत नाही.

शिसं भाऊच्या धक्क्यावरून, जाळ्यांना लावायच्या गोळ्या. वितळवायचं नाही, धूर विषारी. गोळ्या तशाच पिशवीत भरून, हलवता येतील अशा. हात धुवा, मग वडापाव.

२४ नोव्हेंबर

डॉक्टर (दातांचे) हल्ली फॉर्मात आहेत. रेलिंग, शिड्या, रडारची जाळी, सगळं पितळी तारेचं, सोल्डर करून, दाताच्या ड्रिलने घासून. पुढची दुहेरी साडेचार इंची तोफ त्यांनी पितळ कोरून केली आहे. भिंगाखाली बघावं असं काम. तात्या बराच वेळ बघत बसले आणि मग तराजू मागितला. वरचं बांधकाम ५९० ग्रॅम. अंदाजपत्रकापेक्षा १७० जास्त.

म्हणजे तळातलं शिसं १७० ग्रॅमने कमी, ३९०. वजन तेवढंच, फक्त तळातून माडीवर गेलं. डॉक्टर म्हणाले, "एवढ्याने काय होतंय?" बघू.

आज दुसराही वाद झाला. अमेरिकेत या छंदाचा एक वेगळा पंथ आहे: १:१४४च्या युद्धनौका, बाजू पातळ बाल्साच्या, पोटात गॅसवर चालणाऱ्या तोफा, आणि तळ्यात एकमेकींवर खरेखुरे छर्रे मारतात. भोकं पडतात, पंप पाणी उपसतो, हरली ती बुडते. मग ती वर काढायची, बाल्साचं कातडं बदलायचं आणि पुन्हा लढाई. पोरांना तेच करायचं आहे. तात्यांचा चेहरा बघण्यासारखा होता. "वर्षभर बांधायची आणि छर्रे मारून बुडवायची?" मला स्वतःला त्यात इंजिनिअरिंग दिसतं: किती पाणी आत आलं की तोल जातो, कप्पे कुठे घालायचे, पंप किती मोठा. नुकसान सोसून तरंगत राहणं हे युद्धनौकेचं निम्मं शास्त्र आहे. पण शाळेच्या जलतरण तलावात छर्रे उडवायला परवानगी मागायला मी जाणार नाही.

१ डिसेंबर

पाणी कुठे, हा क्लबचा जुना प्रश्न. पवईला जलपर्णी पंख्यात गुंडाळली जाते, आणि अडकलेली बोट आणायला पाण्यात उतरावं तर तिथे मगरी आहेत. चौपाटीचा विचारच नको. वीतभर लाट आपल्या जहाजाला वीस मीटरची पडते. तारागिरी बावीस सेंटिमीटरच्या लाटेत चालवणं म्हणजे तिला अरबी समुद्राने कधी दाखवली नसेल अशी रात्र दाखवणं. शाळेचा तलाव रविवारी सकाळी मिळतो, मुख्याध्यापिका बाईंच्या कृपेने. अट एकच, तेला-ग्रीसचा तवंग दिसता कामा नये.

१५ डिसेंबर

पहिलं तरंगणं. तलावाआधी पोटमाळ्याखालच्या अंगणात, भाऊच्या धक्क्यावरून आणलेल्या मासळीच्या जुन्या फायबर पेटीत. पेटी तीनदा धुतली तरी बोंबलाचा वास आहेच. माझगावात कुणाला त्याचं काही वाटलं नाही.

वॉटरलाइन पुढून-मागून बरोबर बसली. शिशाची पिशवी बोटभर मागे सरकवावी लागली एवढंच. मग डेकच्या कडेला बोटाने दाबून सोडलं. बोट उजवीकडे झुकली, तिथे थोडी थांबली, आणि सावकाश परत आली. डौलदार. कॉलेजवाले खूश: "खऱ्या जहाजासारखी डुलते!" तात्या खूश नव्हते. "आळसावलीय," म्हणाले.

त्यांचं म्हणणं असं. बोट झटकन सरळ होते तेव्हा तिच्यात सरळ होण्याचा जोर आहे. तोल वर गेला की जोर घटतो आणि डुलणं लांबतं. बघायला ते भारदस्त वाटतं. खलाशाला मात्र त्याची भीती वाटते, कारण ज्या झोक्यातून ती परत येणार नाही तो झोकाही सुरुवातीला असाच सावकाश असतो.

मग गोदीत करतात ती झुकाव चाचणी केली. प्रत्येक नव्या जहाजाची होते. ज्ञात वजन डेकवर आडवं सरकवायचं, जहाज किती झुकतं ते लंबकाने मोजायचं. गोदीत लंबकाचं वजन पाण्याच्या किंवा तेलाच्या कुंडात सोडतात, म्हणजे हेलकावे थांबतात. आपण हँगरच्या दारात दोऱ्याला नट बांधला, दोरा १५० मिमी, आणि नट औषधाच्या झाकणातल्या पाण्यात.

५० ग्रॅमचं वजन मध्यरेषेवरून ५० मिमी बाजूला. लंबक २४ मिमी सरकला. हिशेब: (५० × ५०) भागिले (२९४० × २४/१५०). उत्तर ५.३ मिमी. याला जीएम म्हणतात: गुरुत्वमध्यापासून वर मेटासेंटरपर्यंतचं अंतर. मेटासेंटर म्हणजे थोडी झुकलेली बोट ज्या बिंदूभोवती डुलते असं धरतात तो; अंतर जितकं जास्त तितका सरळ होण्याचा जोर जास्त. कागदावर माझा हिशेब १२ मिमी होता. मधले जवळपास सात मिमी कुठे गेले, हे बोट दाखवून सांगायची गरज नव्हती. सगळे पितळी तोफेकडेच बघत होते. १७० ग्रॅम, तळापासून साधारण १२ सेंटिमीटर वर चढवले, भागिले २९४०: ६.९ मिमी. गणित इतकं चोख जुळलं की डॉक्टर स्वतःच हसायला लागले.

२९ डिसेंबर

उतरवाउतरवी. पुढची पितळी तोफ काढून तिच्यावरून साचा करून पोकळ रेझीनची केली. मूळ तोफ डॉक्टरांच्या दवाखान्यात काचेत आहे, पेशंट विचारतात म्हणे. मागची डोलकाठी पितळेची होती ती कार्बनच्या काडीची, पतंगाच्या दुकानातून. हँगरच्या भिंती आतून तासून जाळीदार. रेलिंगच्या उभ्या काड्या पितळीच ठेवल्या, आडव्या तारांऐवजी नायलॉनचा दोरा. तीन मीटरवरून फरक दिसत नाही, आणि तलावात तिला तीन मीटरच्या आत कुणी बघणार नाही.

हेलिकॉप्टरची गंमत. सी किंगचं कमाल वजन साडेनऊ टनांच्या आसपास, म्हणजे आपलं साडेनऊ ग्रॅम हवं. धाकट्याने फोमचं कोरलं, रंगासकट ९.१ भरलं. अख्ख्या जहाजावर वजनाला प्रामाणिक असलेली ही एकच वस्तू.

वरचं बांधकाम आता ४८०. शिसं ५००.

५ जानेवारी २०२५

पुन्हा पेटीत. तेच वजन, तेच अंतर, लंबक १३ मिमी. जीएम ९.८ मिमी. डुलण्याचा एक पूर्ण हेलकावा एक सेकंदाच्या आसपास. काळ वर्गमुळाने मोजायचा, शंभराचं वर्गमूळ दहा, म्हणजे खऱ्या जहाजाला दहा सेकंद. तात्या म्हणाले, "आता ही आमची."

१५ जानेवारी, बुधवार

आज मुंबईच्या नौदल गोदीत नवी नीलगिरी, सुरत आणि वाघशीर पाणबुडी एकाच दिवशी नौदलात दाखल झाल्या. तिन्ही माझगाव डॉकच्या. नवी नीलगिरी १४९ मीटर, साडेसहा हजार टनांवर. जुन्या सहाही नावांना नव्या प्रकल्पात पुन्हा जहाजं मिळताहेत. नव्या तारागिरीचं जलावतरण माझगावातच २०२२ला झालं. तात्यांना एकच दुःख आहे: नवी विंध्यगिरी कोलकात्यात बांधली. फोनवर पाच मिनिटं तेच.

१९ जानेवारी

तलाव. सकाळी सातला, मुलं यायच्या आत.

रेंज आधी. रिमोटची २.४ गिगाहर्ट्झची रेडिओ लहर पाण्यात शिरत नाही, त्यामुळे रिसीव्हरची तार हलच्या तळाशी पडली असेल तर लांब गेल्यावर सिग्नल तुटतो. आपली तार कार्बनच्या डोलकाठीलगत नेली होती, पण कार्बनही लहरी अडवतो. ती पुढच्या डोलकाठीत, प्लास्टिकच्या नळीतून उभी घातली. तलावाच्या टोकापासून टोकापर्यंत कुठेही धाप नाही.

मग वेग. २८ नॉट म्हणजे सेकंदाला १४.४ मीटर. शंभरने भागून चालत नाही, दहाने भागायचं: १.४४. विल्यम फ्रूड या इंग्रज इंजिनिअरने १८७०च्या दशकात टॉर्कीला खास टाकी बांधून मॉडेलं ओढली आणि हे दाखवलं: वेगाला लांबीच्या वर्गमुळाने भागलं की लहान-मोठ्या बोटींच्या लाटांची नक्षी एकसारखी उमटते. आपला तलाव २५ मीटरचा, म्हणजे पूर्ण वेगाने साधारण साडेसतरा सेकंद लागले पाहिजेत. मोठ्याने पहिल्याच खेपेला दांडा पुढे ढकलून ११ सेकंदांत नेली. नाळ वर, पिछाडी पाण्यात, मागे पांढरा फेस. फ्रिगेट कसली, मांडव्याची स्पीडबोट वाटत होती. स्पीड कंट्रोलरची मर्यादा खाली आणत आणत साडेसतरावर बसवली. तेव्हा नाळेपाशी लाट जशी फोटोत दिसते तशी उठली: पुढे एक, मग खळगा, मग पिछाडीपाशी दुसरी. तात्या काठावर उकिडवे बसून बघत होते आणि "हां, हां" एवढंच म्हणत होते.

वळण. रडर पूर्ण टाकलं की ती आधी क्षणभर आतल्या बाजूला कलते, मग बाहेरच्या बाजूला झुकते आणि तशीच झुकलेली फिरते. डिसेंबरच्या ५.३वर हे करून बघितलं असतं तर तलावात कुणाला तरी उडी मारावी लागली असती. आता झुकते, पण डेकची कड पाण्यापासून दूर राहते.

एक उणीव सापडली. उघड्या मागच्या डेकवर पूर्ण वेगात उलटं जाताना पाणी चढतं आणि तिथून रडरच्या झाकणातून आत झिरपतं. दहा-बारा ग्रॅम असेल. पण तळाला मोकळं फिरणारं थोडंसं पाणीही तोल बिघडवतं, कारण बोट झुकली की तेही त्याच बाजूला धावतं. झाकणाला रबराची कड आणि आत स्पंजचा तुकडा.

२ फेब्रुवारी

चित्रीकरण. धाकट्याची कल्पना आणि अगदी नेमकी. बोटीचा काळ दहापट वेगाने पळतो, म्हणजे चित्रण दहापट सावकाश दाखवलं की खऱ्या जहाजाचा काळ येतो. फोनवर सेकंदाला २४० चौकटी घ्यायच्या आणि २४ने दाखवायच्या. दहा. फोन पाण्याच्या पातळीवर, प्लास्टिकच्या पिशवीत, कारण खऱ्या जहाजाकडे कुणी आभाळातून बघत नाही.

पडद्यावर ती तीन हजार टनांची झाली. डुलणं, लाटांचं पसरणं, वळताना झुकणं, सगळं. फक्त नाळेवर उडणारे थेंब फसवायला तयार नाहीत. थेंबाचा आकार पाण्याच्या पृष्ठताणाने ठरतो आणि पृष्ठताणाला आपलं प्रमाण माहीत नाही. तिथे शंभरपट मोठे थेंब, नारळाएवढे, डेकवर आदळताना दिसतात. मोठा म्हणाला, साबणाचं पाणी घालू, थेंब बारीक होतील. खरंच होतील थोडे. मुख्याध्यापिका बाईंच्या तलावात साबण घालायला तो स्वतः परवानगी मागणार असेल तर माझी हरकत नाही.

तात्यांनी ते चित्रण परत परत लावायला सांगितलं आणि शेवटी पिछाडीच्या त्या फ्रेमपाशी थांबवून घेतलं. रेघ ठेचकाळत नाहीये, म्हणाले.

राहिलेली कामं: मागच्या झाकणाची रबराची कड (मोठा). डाव्या शाफ्टचं ग्रीस (धाकटा). एफ४१ हे आकडे उजव्या बाजूला अर्धा मिमी खाली आले आहेत, डॉक्टर रंगवणार. साचा दादांच्या कारखान्यातून माघी गणपतीची गर्दी ओसरली की परत आणायचा. विंध्यगिरीसाठी डॉक्टरांनी नाव नोंदवलं आहे. वरचं बांधकाम ४५० ग्रॅमच्या आत, हे त्यांच्याकडून वहीत सही घेऊन लिहून घेतलं आहे.